पाच वॉटचा नाद

जीटीबी नगर स्थानकाचं जुनं नाव कोळीवाडा. हार्बर मार्गावरच्या या स्थानकाभोवती मुंबईतल्या जवळपास सगळ्या प्रार्थना हाकेच्या अंतरावर नांदतात. कोळ्यांची वस्ती सर्वांत जुनी. फाळणीनंतर पंजाब आणि सिंधमधून आलेल्या निर्वासितांना इथे बराकींमध्ये आसरा मिळाला. त्यांच्याबरोबर गुरुद्वारा आला, शबद-कीर्तन आलं आणि पुढे वस्तीचं नाव जगभर नेणारी तळलेली कोळंबीही आली. किंग्ज सर्कलच्या अंगाला तमिळ कुटुंबं आणि त्यांची देवळं, अँटॉप हिलकडे मशिदी, शीवला कॅथलिक चर्च. या शीव कोळीवाड्यात ज्याला देवाचं नाव घ्यायचं असतं, त्याला ते दुसऱ्या कुणाच्या तरी देवाचं नाव ऐकत ऐकतच घ्यावं लागतं.

अशा वस्तीत दहा बाय बाराच्या खोलीत कुणाला इलेक्ट्रिक गिटार वाजवायची असेल, तर एक प्रश्न समोर येतो. घरी रियाजाला चालेल आणि अधूनमधून गिगला, म्हणजे छोट्या कार्यक्रमालाही नेता येईल असा छोटा ट्यूब ॲम्प कोणता घ्यावा? प्रश्न दुकानातला वाटतो. धोबी तलावाला फुर्टाडोज १८६५ पासून मुंबईला वाद्यं विकत आलं आहे. अशा दुकानात याचं उत्तर वॉट आणि किंमत या दोन आकड्यांत मिळेल आणि ते चुकीचंही नसेल. पण वॉटच्या आकड्यामागे एक फार जुना वाद उभा आहे. आवाज मोठा केला म्हणजे जे म्हणायचं आहे ते मोठं होतं का?

ॲम्प ही वस्तू इथे परकी नाही, हे आधी सांगायला हवं. कोळीवाड्यातली हळद आणि लालबाग-परळमधली मिरवणूक ज्या बँजोवर नाचते, तो बँजो म्हणजे बुलबुल तरंग. त्याचा पूर्वज जपानचा ताइशोगोतो, १९१२ साली नागोयात जन्मलेला. टाइपरायटरसारख्या कळा असलेलं हे मूळचं नाजूक, घरगुती वाद्य. मुंबईच्या बँजो पार्ट्यांनी त्याला तारेचं कंपन विजेत बदलणारा पिकअप बसवला, ॲम्प जोडला, हातगाडीवर किंवा टेम्पोवर स्पीकर चढवले आणि त्याला रस्त्याचं वाद्य केलं. ॲम्पशिवाय बँजो ढोल-ताशापुढे ऐकूच आला नसता. इलेक्ट्रिक गिटारची गोष्ट वेगळी नाही. तिच्या भरीव लाकडी अंगाला स्वतःचा आवाज जवळजवळ नसतोच.

आवाज आणि आशय यांचा तो जुना वाद जैमिनीच्या मीमांसासूत्रांत अगदी सुरुवातीला, पहिल्या अध्यायाच्या पहिल्याच पादात येतो. मीमांसक, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या दर्शनाचे अनुयायी, शब्द नित्य मानतात. न्याय दर्शनाचे नैयायिक म्हणतात, शब्द निर्माण होतो आणि विरून जातो. तो आकाशाचा गुण आहे. नित्यत्वावर जे आक्षेप घेतले गेले, त्यांतला एक तर थेट चौकातून उचलल्यासारखा आहे. एकाच्या जागी अनेक माणसं तोच शब्द उच्चारू लागली की तो वाढलेला ऐकू येतो. जे वाढतं ते नित्य कसं? जैमिनीने एका छोट्याशा सूत्रात उत्तर दिलं, की वाढतो तो नाद, शब्द नव्हे. शबरस्वामींनी भाष्यात ते उलगडलं: वाऱ्यातले संयोग-विभाग वाढतात, कानाला शब्द मोठा भासतो, पण शब्द होता तेवढाच असतो. ‘गाय’ हा शब्द कुजबुजला काय किंवा ओरडून सांगितला काय, गाय मोठी होत नाही. हा वाद महाराष्ट्रात पोथीत बंद पडून राहिलेला नव्हता. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत केवलानंद सरस्वतींनी विसाव्या शतकात मीमांसाकोशाचे सात खंड सिद्ध केले, ते या शास्त्राच्या जिवंत अध्ययनातूनच.

भोंग्याच्या काळात जैमिनीच्या त्या सूत्राला नवी धार आली. नाद वाढवल्याने मंत्र वाढत नसेल, तर देवळाच्या कळसावर किंवा मिनारावर बांधलेला कर्णा नेमकं काय वाढवतो? जपाचे वाचिक, उपांशु आणि मानस असे तीन प्रकार परंपरा सांगते: मोठ्याने म्हटलेला, ओठांतल्या ओठांत म्हटलेला आणि केवळ मनात चाललेला. मनुस्मृतीत त्यांची प्रतवारी आकड्यांत आहे. विधियज्ञापेक्षा जपयज्ञ दहापट श्रेष्ठ, उपांशु शंभरपट, मानस हजारपट. आजची डेसिबलची मोजपट्टीही दहाच्या पटीतच चालते. १० डेसिबल वाढले की ध्वनीची शक्ती दहापट झालेली असते. दोन मोजपट्ट्या, एकच पट, आणि दिशा नेमक्या उलट्या.

हा दाखला मात्र पुढे-मागे न बघता वापरता येत नाही. ज्या ग्रंथातून तो आला, त्याचं दहन २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली झालं. मनातल्या मनात जप करणं श्रेष्ठ म्हणणाऱ्या त्याच व्यवस्थेने कोट्यवधी माणसांना मोठ्याने मंत्र म्हणायची मुभाच ठेवली नव्हती. निवडलेलं मौन आणि लादलेलं मौन यांची किंमत एकच असू शकत नाही. श्रीवैष्णव परंपरा सांगते, की तिरुक्कोष्टियूरला गुरूंनी गुप्त ठेवायला सांगितलेला मंत्र रामानुजांनी देवळाच्या गोपुरावर चढून सगळ्यांना ऐकवला. तिथे उंची आणि मोठा आवाज हाच धर्म होता. वारकऱ्यांनी टाळ-मृदंगाच्या गजरात नाम वाळवंटात आणलं, ते याच न्यायाने. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लालबावटा कलापथक उभं केलं. गिरणगावातल्या कामगारांपुढे अमर शेखांचा पहाडी आवाज लागला, की ज्यांचं कुणी ऐकत नव्हतं त्यांचं म्हणणं शहराच्या कानावर जायचं. त्यामुळे ‘हळू बोला’ हा उपदेश सगळ्यांना सारखा करता येत नाही. तो करण्याआधी समोरच्याला आजवर बोलू दिलं होतं का, हे पाहावं लागतं.

म्हणजे मीमांसकांचं म्हणणं शब्दाच्या अर्थापुरतं खरं, आणि गोपुरावरचा आवाज पोहोचण्यापुरता खरा. ट्यूब ॲम्प यात तिसरीच गोष्ट आणतो. गिटारवादक व्हॉल्यूमची कळ फिरवतो तेव्हा सूर नुसता मोठा होत नाही, तो बदलतो.

का बदलतो, ते पाहण्यासारखं आहे. आजोबांच्या पिढीने मर्फी किंवा बुशच्या रेडिओत मंद केशरी उजेडाचे जे व्हॉल्व्ह पाहिले, त्याच या ट्यूब. १९०६ साली ली डी फॉरेस्टने काचेच्या निर्वात नळीत दोन टोकांच्या मध्ये तारेची एक जाळी घातली आणि इलेक्ट्रॉनिक प्रवर्धनाचा आरंभ झाला. एक टोक तापवलं की त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि दुसऱ्या टोकाकडे धावतात. मधल्या जाळीवर गिटारच्या पिकअपमधून आलेला, एका व्होल्टच्या काही दशांशांइतका क्षीण विद्युतदाब पोहोचतो. जाळी त्याच्या तालावर तो प्रवाह अडवते किंवा सोडते. प्रवाह मर्यादेत आहे तोवर बाहेर पडणारा सूर आत गेलेल्या सुराचं मोठं रूप असतो. मर्यादा जवळ आली की लाटेचे माथे हळूहळू चपटे व्हायला लागतात. ट्रान्झिस्टरच्या साध्या परिपथात ते एकदम छाटले जातात, ट्यूबमध्ये ते दाबले जातात. त्यातून मूळ सुराच्या पटीतले नवे सूर जन्मतात, स्वर जास्त वेळ टिकतो, आणि बोटाचा दाब कमी केला की आवाज पुन्हा निवळतो. वादक ज्याला ब्रेकअप म्हणतात, तो हाच टप्पा. गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांतला ब्लूज आणि रॉक त्यावर उभा आहे.

इथे नैयायिकाची बाजू वरचढ होते. नाद वाढला आणि नवा नाद निर्माण झाला. आधी नव्हता असा. गिटारच्या बाबतीत मोठेपणा हा सुरावर बाहेरून चढवलेला अंगरखा नसतो, तो सुराच्या घडणीतच असतो.

याच परिपथात दर्शनांतला आणखी एक भेद हाताने दाखवावा इतका स्पष्ट दिसतो: उपादान कारण आणि निमित्त कारण यांचा. माती हे घटाचं उपादान, कुंभार हे निमित्त. स्पीकरमधून येणाऱ्या सुराचं उपादान काय? तारेचं कंपन नव्हे. तारेची शक्ती जाळीपाशीच संपते. स्पीकरचा पडदा हलवणारी सगळी शक्ती भिंतीतल्या सॉकेटमधून येते, म्हणजे शीवपर्यंतच्या शहराला वीज देणाऱ्या बेस्टच्या तारांमधून. वादक केवळ निमित्त असतो. तो आज्ञा देतो, बळ दुसऱ्याचं असतं. उघड्या गळ्याने अभंग म्हणणारा माणूस मात्र दोन्ही असतो. छातीतली हवा त्याची, थकवा त्याचा, आणि आवाजाची हद्दही त्याचीच. बालगंधर्वांच्या पिढीने माइकशिवाय नाट्यगृहं भरली, तेव्हा शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणाऱ्या सुराची किंमत गाणाऱ्याच्या देहाने मोजलेली असायची. विजेने ही किंमत गाणाऱ्याकडून काढून घेतली आणि ती शेजाऱ्यावर पडली. भोंग्याचा आणि डॉल्बीचा सगळा नैतिक प्रश्न या एका बदलात आहे. दमण्याची सोयच उरली नाही, तर थांबायचं केव्हा हे कोण सांगणार?

आता आकडे. गिटारच्या चांगल्या १२ इंची स्पीकरची संवेदनशीलता ९७ ते १०० डेसिबल असते. सेलेस्टियनच्या प्रसिद्ध ग्रीनबॅकची ९८ आहे. याचा अर्थ फक्त एक वॉट दिला तर एक मीटरवर ९८ डेसिबल. पाच वॉटला सुमारे १०५, पन्नास वॉटला सुमारे ११५. पन्नास वॉटचा ॲम्प पाच वॉटच्या दहापट मोठा वाजतो, हा समज चुकीचा आहे. १० डेसिबलचा फरक कानाला साधारण दुप्पट वाटतो, तेवढाच. मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी होतात, म्हणून एका वॉटचा तो आवाज १६ मीटरवर अजून ७४ असतो. साधं बोलणं ६० च्या आसपास. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल. खासगी जागेतल्या ध्वनियंत्रणेचा किंवा वाद्याचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त भरता कामा नये. उघड्या खिडक्यांच्या मुंबईत एक वॉटसुद्धा लहान नसतो.

गंमत म्हणजे मोठ्या संगीताने हे केव्हाच ओळखलं होतं. ‘लैला’ हे गाणं १९७० साली मायामीत ध्वनिमुद्रित झालं, तेव्हा एरिक क्लॅप्टन आणि डुएन ऑलमन यांनी फेंडर चॅम्प वापरला: एक ६ व्ही ६ पॉवर ट्यूब, आठ इंची स्पीकर, जेमतेम पाच वॉट, आणि मुळात शिकाऊ वादकांसाठी बनवलेला. चॅम्प पूर्ण उघडला, माइक जवळ ठेवला आणि जगाने ऐकला तो सूर मिळाला. दुसऱ्या टोकाला द हू हा बँड. त्यांचा गिटारवादक पीट टाउनशेंड याच्या आग्रहातून १९६५ च्या सुमारास मार्शलचे शंभर वॉटचे ॲम्प आले. ३१ मे १९७६ रोजी लंडनच्या चार्ल्टनमध्ये या बँडचा आवाज ३२ मीटरवर १२६ डेसिबल नोंदला गेला आणि तो गिनेस बुकात गेला. पुढे श्रवणाला इजा होते म्हणून गिनेसने हा विक्रमाचा वर्गच बंद केला. टाउनशेंडने स्वतःच्या कानांच्या कायमच्या नुकसानीबद्दल जाहीरपणे सांगितलं आहे. कामाच्या जागेसाठी अमेरिकेत जी शिफारस आहे, तिच्यानुसार ८५ डेसिबल आठ तास सहन होतात आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं उरतात. वाद्य शिकवणाऱ्या प्रत्येकाने हा हिशेब पहिल्या आठवड्यात सांगायला हवा.

धर्म, गिटार आणि डेसिबल या तिघांची गाठ आपल्या न्यायालयांतही पडली आहे. चेन्नईतल्या एका पेंटेकोस्टल चर्चच्या प्रार्थनागृहात ड्रम आणि गिटार वाजत. शेजारच्या वसाहतीने तक्रार केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ३० ऑगस्ट २००० रोजी निकाल लागला: इतरांची शांतता मोडून, ध्वनिवर्धक लावून किंवा ढोल बडवून प्रार्थना करा असं कोणताच धर्म सांगत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २३ जानेवारी २०२५ रोजी हेच अधिक नेमकं केलं. ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असं न्या. अजय गडकरी आणि न्या. श्याम चांडक यांच्या खंडपीठाने सांगितलं. ती याचिका कुर्ला पूर्वेच्या नेहरू नगर परिसरातल्या रहिवाशांची होती. शीव कोळीवाड्याहून तो भाग हार्बर मार्गावर जवळचाच. न्यायाधीशांनी मीमांसासूत्रांचा आधार घेतला नव्हता, पण निष्कर्ष जैमिनीच्या शेजारी जाऊन बसतो. नाद वाढवण्याचा हक्क आणि उपासनेचा हक्क या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

कायद्याने काही चांगल्या गोष्टीही हिरावून घेतल्या, हे लपवू नये. धोबी तलावाजवळच्या रंगभवनात १९७८ पासून जॅझ यात्रा भरली, १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक. कॉलेजातल्या मुलांनी मोठ्या ॲम्पवरची गिटार आयुष्यात पहिल्यांदा ऐकली ती तिथे, उघड्या आकाशाखाली. आसपासची रुग्णालयं आणि महाविद्यालय यांमुळे जागा शांतता क्षेत्रात आली आणि तिथलं संगीत बंद पडलं. रुग्णाची झोप महत्त्वाची होतीच. पण त्या मुलांसाठी दुसरी तशी जागा शहराने दिली नाही, ही उणीव खरी आहे. लोअर परळला मथुरादास मिलच्या आवारात २००७ साली ब्लूफ्रॉग सुरू झालं, तेही २०१६ मध्ये मिटलं.

आणि प्रवर्धन म्हणजे गोंगाट, असंही नाही. शीव-किंग्ज सर्कलच्या षण्मुखानंद सभेची स्थापना १९५२ ची आणि तिचं सभागृह १९६३ चं. अडीच हजारांहून जास्त श्रोत्यांच्या तिथल्या गर्दीला वीणेतला बारीक कंप माइकशिवाय पोहोचवणं अशक्यच. यू. श्रीनिवास यांनी मँडोलिनवर कर्नाटक संगीत वाजवलं, तेव्हा जोडतारांचं साधं वाद्य बाजूला ठेवून पाच एकेरी तारांचं इलेक्ट्रिक मँडोलिन घेतलं. कारण मोठा आवाज हे नव्हतं. गमक उमटेपर्यंत स्वर टिकायला हवा होता. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात नादाचे अतिसूक्ष्म, सूक्ष्म, पुष्ट, अपुष्ट आणि कृत्रिम असे पाच भेद आहेत आणि त्यांची स्थानं नाभीपासून मुखापर्यंत चढत जातात. म्हणजे मुखातून बाहेर पडलेला नाद हा शेवटचा टप्पा, आरंभ कितीतरी आत. चांगला ॲम्प त्या आतल्या सूक्ष्माला वाट करून देतो. बोटाच्या टोकाने तार किती हळू सोडली, हे श्रोत्याला कळतं ते त्याच्यामुळे.

आता मूळ प्रश्नाकडे. दोन माणसं आहेत असं धरू. एकाने शंभर वॉटचा ॲम्प घेतला आणि शेजाऱ्यांसाठी तो कायम एकवर ठेवला. दुसऱ्याने पाच वॉटचा घेतला आणि तो शेवटपर्यंत उघडला. पहिल्याला आपण संयमी म्हणू. त्याचा संयम खरा आहे, पण त्याच्या खोलीत रोज एक दाबलेली शक्ती पडून असते. तिच्यावर सतत पहारा ठेवावा लागतो, आणि पॉवर ट्यूब कधी तापून बोलतच नसल्याने सूरही अर्धाच मिळतो. दुसऱ्याने हद्द वाजवताना ठरवलेली नाही, घेतानाच ठरवली आहे. त्या हद्दीत मग त्याला स्वतःला आवरावं लागत नाही.

जैन परंपरेत श्रावकाच्या पाच अणुव्रतांपैकी परिग्रह-परिमाण हे व्रत नेमकं हेच सांगतं. साधूने सगळं सोडायचं. गृहस्थाने आपल्याला किती लागेल याचा आकडा स्वतः ठरवायचा आणि त्यापलीकडे जायचं नाही. ‘उपासकदशांग’ आगमातला आनंद श्रावक महावीरांपुढे सोनं किती, गुरं किती, नांगर किती, अशी यादीच करतो. त्यात त्यागाचा थाट नाही, हिशेबाचा प्रामाणिकपणा आहे. ॲम्पचे वॉट हे असंच एक परिमाण आहे. बुद्धाने सोण भिक्षूला वीणेच्या तारा फार ताणू नयेत आणि फार सैलही सोडू नयेत असं सांगितलं, ते सगळ्यांना ठाऊक असतं. पण तारेचा ताण हा वाजवणाऱ्याचा एकट्याचा प्रश्न होता. विजेच्या युगात शेजारी, त्याचं झोपलेलं बाळ आणि पलंगावरचा रुग्ण हेही त्या वीणेचे भागीदार झाले आहेत. म्हणून वाजवताना पाळायच्या मध्यममार्गापेक्षा घेताना घालायची हद्द आज जास्त उपयोगी पडते.

मंडळांच्या आणि देवस्थानांच्या बैठकांतही हा विचार करता येईल. आरतीचा आवाज कमी ठेवा असं रोज सांगत बसण्यापेक्षा यंत्रणाच मंडपापुरती घ्यावी. पन्नास माणसांच्या मंडपाला पन्नास माणसांपुरता स्पीकर, आणि आरती पूर्ण गळ्याने. भाविकाचा गळा आपल्या सीमेपर्यंत गेला की त्याच्यात जो बदल होतो, तो भिंतीएवढ्या डॉल्बीच्या आड कुणाला ऐकूही येत नाही. नियमांप्रमाणे राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत ध्वनिक्षेपकाची सवलत देऊ शकतं. ती मुभा आहे, कर्तव्य नाही.

गिटारवाल्यासाठी याचा व्यवहारातला अर्थ असा. घरच्यासाठी पाच वॉटपर्यंतचा आणि शक्ती आणखी खाली आणता येणारा ॲम्प घ्यावा. मार्शलचा डीएसएल १ एका वॉटवरून दशांश वॉटवर येतो, डीएसएल ५ पाचवरून अर्ध्यावर, बुगेराचा व्ही ५ पाच, एक आणि दशांश अशा तीन पायऱ्यांवर. दशांश वॉटलाही चांगल्या स्पीकरवर एक मीटरला ८८ डेसिबल होतात, हे विसरू नये. रात्री दहानंतर हेडफोनच. त्या वेळी ट्यूबची नक्कल करणारा डिजिटल ॲम्प वापरण्यात कमीपणा काहीच नाही. कॅफे किंवा छोट्या सभागृहातल्या गिगला पाच वॉटचा ॲम्पही पुरतो, कारण त्याच्यापुढे एसएम ५७ सारखा माइक ठेवून आवाज मिक्सरमधून देता येतो. मात्र ड्रमर सोबत असेल आणि सूर स्वच्छ, न फुटलेला हवा असेल (चर्चमधल्या गायनाच्या साथीला तो तसाच लागतो), तर पाच वॉट कमी पडतील. तिथे दोन ईएल ८४ ट्यूबवर चालणारा फेंडर ब्लूज ज्युनिअरसारखा १५ वॉटचा ॲम्प योग्य. त्याचं वजन १४ किलोच्या घरात आहे. गर्दीच्या वेळी हार्बर लोकलमध्ये चढणाऱ्याने तेही परिमाणात धरावं.

ईएल ८४ ट्यूब एके काळी आपल्याकडेच बनत असे. १९५४ साली स्थापन झालेल्या बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने रेडिओसाठी ती बनवली, आणि त्या जुन्या बीईएल ट्यूब वादक अजून शोधत असतात. सापडली तर तपासून घ्यावी. अमेरिकेतल्या नातेवाइकाने आणलेला ॲम्प १२० व्होल्टचा असेल तर तो ट्रान्सफॉर्मरशिवाय आपल्या २३० व्होल्टवर लावू नये. स्पीकर जोडल्याशिवाय ट्यूब ॲम्प कधीही चालू करू नये, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. आणि मागचं झाकण स्वतः उघडू नये. आत ३०० व्होल्टहून अधिक दाब असतो, आणि प्लग काढल्यावरही तो कपॅसिटरमध्ये काही काळ टिकून राहतो.